नऊ ते दहा, गिऱ्हाईक स्वतः!

मंडळी, ऐका! एकच प्रश्न विचारते. आपल्या हातात कला आहे हे आपणच चारचौघांत सांगावं, की तो अहंकार झाला? बोला! — पुढच्या मावशी मान हलवताहेत. होकार की डुलकी, पांडुरंग जाणे!

तर विट्याची रेवती शेटे. साड्यांच्या शोरूममधली नोकरी सोडली नि घरबसल्या लॅपटॉपवर दुसऱ्यांची ऑफिसं सांभाळू लागली. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंच्या अपॉइंटमेंट, नाशिकच्या देवरेदादांच्या रोपवाटिकेची पत्रं — जेवढे तास, तेवढे पैसे! त्यांच्या जाहिराती रोज टाकायची. आणि स्वतःच्या फेसबुकच्या पानावर? अजून पाडव्याची गुढी! दिवस कुठला? दिवाळीचा!

एके सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन, "रेवती, दवाखाना बंद करतेय गं. लेकाकडे चाललेय."

झालं! निम्मं काम गेलं. आता नवं मिळालं नाही, तर पुन्हा शोरूम — पुन्हा "मॅडम, दुसरा रंग दाखवू?"

रेवती रडत कमळआत्याकडे. आत्या ब्लाउज शिवणारी. मशीन न थांबवता म्हणाली, "माझ्या दारात काय टांगलंय?"

"ब्लाउज."

"कुणाचा?"

"कुणाचा गं?"

"कुणाचाच नाही, नमुना आहे! दर सोमवारी आधी तो शिवते. गिऱ्हाइकं बोंबलतात — बोंबलू देत! तो बघूनच नवी येतात. तुझ्या दारात काय? वाळकी गुढी!"

बाण बसला, मंडळी! रेवतीनं डायरीत स्वतःलाच गिऱ्हाईक म्हणून लिहिलं — सकाळी नऊ ते दहा. आपण काय काम करतो ते आपल्या पानावर लिहायचं, ओळखीपाळखीत कळवायचं. त्या तासाचा पैसा कुणी देत नाही — जीव कसा तुटतो!

तिसऱ्याच दिवशी, सव्वानऊला, देवरेदादा! "ताई, ते पत्र आत्ताच्या आत्ता!"

रेवतीला वाटलं, हेही काम गेलं तर? तरी म्हणाली, "दहाला देते, दादा. एक गिऱ्हाईक बसलंय."

"कोण हो?"

"नवीन आहे. कामाला वाघ, बोलायला गोगलगाय!"

दादा हसले. "मग सांभाळा तिला!"

पहिला आठवडा शुकशुकाट. दुसऱ्यात एक लाइक — तोही आत्याचा! तिसऱ्या आठवड्यात मात्र निरोप आला, कऱ्हाडच्या एका गाण्याच्या क्लासचा: "तुमचं लिहिलेलं वाचलं. आमचं वेळापत्रक सांभाळाल?"

रेवतीचं गेलेलं काम भरून निघत होतं! तरी लिहिलंन्, "आनंदानं! फक्त नऊ ते दहा सोडून."

अहो, नसलेलं मिरवलं तर अहंकार! पण देवानं दिलेलं झाकून ठेवलं, तर देणाऱ्याला काय वाटेल? तुमच्यात कोण कोण आपलं गाणं, आपली शिवण, आपलं गणित वर्षानुवर्षं झाकून बसलंय? हात वर करा! — अगं बाई, एवढे? मग वाजवा टाळी! त्या देणाऱ्यालाही कळू दे, इथं कोण कोण आहे!