अबू-शौक टेकडीवरील शाळेसंबंधी निवेदन

आजच्या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, बगदादहून मुद्दाम आलेले पुराणवस्तू खात्याचे उस्ताद रअद साहेब. ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो त्या डॉक्टर बतूल हिकमत बाई. आमचे गावप्रमुख, मुख्तार जबार ओफी. खोदकामावरील माझे सहकारी. आणि पाठीमागे चहाच्या पेल्यांचा आवाज करणारे सज्जन, आपणा सर्वांना माझा सलाम.

माझे नाव हाजी मुतशर दाखिल. वय एकाहत्तर वर्षे. शिक्षण चौथी उत्तीर्ण, वर्गात दुसरा. अबू-शौक टेकडीचा राखणदार म्हणून अडतीस वर्षे सेवा; त्यापूर्वी हेच काम माझे वडील करीत. मी पूर्ण शुद्धीवर असून पुढील निवेदन कोणाच्याही दडपणाखाली करीत नाही.

बाईंविषयी काय बोलावे? एकोणीस हिवाळे त्या खोदकामासाठी या टेकडीवर आल्या. दुपारच्या सुट्टीत आम्हा मजुरांना तंबूत बसवून फळ्यावर शिकवीत. लिहिणे हे आपल्याच दोन नद्यांच्या चिखलात कसे जन्मले, हे मला त्यांनीच सांगितले. त्या म्हणत, "हाजी, आधी नुसती चित्रं होती. मासा म्हणजे मासा. माणसाचं डोकं रेखाटून समोर वाटी काढली, की झालं 'खाणे'."

मी विचारले, "बाई, पण कोण खातो, केव्हा खातो, ते कुठे लिहिलंय?"

"ते नीट लिहायला त्यांना पुढे शेकडो वर्षं लागली."

शेकडो वर्षे! सभाजन हो, मी मनात म्हटले, चौथी उत्तीर्ण माणसाला एक दुपार पुरेल. घरी गेलो, टेकडीच्या पायथ्याची माती मळली, बोरू तासला आणि पाटी लिहिली. डोके, वाटी, मासा. आमच्या सौभाग्यवती, उम्म रहीम, भट्टीवर रोट्या लावीत होत्या. म्हणाल्या, "मासा खायचा असेल तर तोंडाने सांगा. चिखलात काय लिहिताय या वयात?"

ती पाटी मी दुसऱ्या दिवशी बाईंना दाखवायला नेली आणि ओलसर होती म्हणून तंबूत सावलीला ठेवली. त्याच दुपारी धुळीचे वादळ आले. ज्याच्या हाती जे लागले ते त्याने पेटीत भरले. तिसऱ्या खड्ड्यातील वस्तूंची पेटी मी स्वतः भरली, हे मी नाकारीत नाही.

आठवड्याने पेटी उघडली आणि बाई ओरडल्या, "लेखन! हाजी, लेखन सापडलं!"

आपली रीत आपणास ठाऊकच आहे. लिहिलेली माती निघाली की मजुरांनी रिंगण धरून नाचायचे आणि ज्येष्ठाने गाणे उचलायचे. ज्येष्ठ मी. तिसऱ्या फेरीला मी बाईंच्या तळहातावर पाहिले: डोके, वाटी, मासा. माझे पाय थांबले. बाकीच्यांचे थांबले नाहीत.

मी सांगणारच होतो, अल्लाह साक्षी आहे. तेवढ्यात बाई भिंगातून पाहत म्हणाल्या, "हा कुणीतरी शिकाऊ पोरगा दिसतोय. मठ्ठ आहे. बोरू उलटा धरलाय. हे डोकं आहे की कांदा? बिचाऱ्याला रोज मार पडत असेल."

आता मला सांगा, वर्गात दुसऱ्या आलेल्या माणसाने यानंतर तोंड कसे उघडावे?

मी गप्प राहिलो. चार वर्षे. दरम्यान शिकाऊ पोरगा म्हणजे शाळा, असे ठरले. बाईंच्या ग्रंथात सातवे प्रकरण झाले, 'अबू-शौकची शाळा'. मुख्तारसाहेबांनी नाक्यावर 'जगातील पहिली शाळा, दोन किलोमीटर' असा फलक लावला आणि पक्क्या रस्त्याचा अर्ज दिला. काल मात्र मला कळले की ग्रंथ उद्या सकाळी छापखान्यात जातो. बाईंच्या आयुष्यभराच्या कामावर माझा कांदा छापला जाणार, हे मला मान्य नाही. एकदा जगभरच्या पंडितांनी तो पाहिला, की बाकीच्या खऱ्या पाट्यांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

काय म्हणता, मुख्तारसाहेब? "हाजी, खाली बसा, रस्ता जाईल"? जाऊ द्या. कच्च्या वाटेने गाढवे अजून चालतात.

अध्यक्षमहाराज, बाई मान हलवीत आहेत. त्या म्हणतात, "हाजी, मी जाणार म्हणून तुम्ही भावुक झालात. ती पाटी पाच हजार वर्षांची आहे." बाई, आपला मान राखून सांगतो, ती माझ्या धाकट्या नातीहून लहान आहे.

पुरावा देतो. पाटीच्या मागे अंगठ्याचा ठसा आहे, त्यावर तिरपी रेघ आहे. आपण ग्रंथात लिहिले आहे की बोरू कापताना त्या पोराचा अंगठा कापला असावा. तेवढे आपण अचूक वाचलेत. हा पाहा माझा अंगठा. व्यासपीठावरील या झाकलेल्या ताटात खजुराचा हलवा आहे, असे ज्यांना वाटत होते त्यांची मी क्षमा मागतो. ती ओली माती आहे. मी आयुष्यात कोणत्याही कागदावर अंगठा दिलेला नाही, सही केली आहे. आज देतो. हा घ्या. बाई, ग्रंथातील पाटीच्या छायाचित्राशी ताडून पाहा.

उस्ताद रअद साहेब, घाई नाही, बाईंना भिंग शोधू द्या.

राखणदारी ठेवायची की काढून घ्यायची, हा अधिकार आपला. किल्ल्या मी मेजावर ठेवल्या आहेत.

बाईंनी काय विचारले ते मागे ऐकू गेले नसेल, म्हणून मोठ्याने सांगतो. त्या म्हणतात, "म्हणजे हाजी, या टेकडीवर शाळा नव्हतीच?"

होती, बाई. फळा होता, बाई होत्या, आणि एक मठ्ठ विद्यार्थी होता. सातवे प्रकरण फाडू नका. फक्त साल दुरुस्त करा.

बोलण्यात अधिक-उणे झाले असल्यास वडीलधाऱ्यांनी पोटात घालावे. माझ्याहून वडील येथे कोणी दिसत नाही, तरी विनंती करणे माझे कर्तव्य आहे. आपण शांतपणे ऐकलेत, त्याबद्दल आभार.

निवेदनाचे वेळी हजर साक्षीदार: उस्ताद रअद साहेब, अध्यक्ष, किल्ल्या मला परत करताना. डॉक्टर बतूल बाई, हसता हसता चष्मा पुसताना. उम्म रहीम, तिसरी रांग, ज्यांनी चार वर्षे रोज "सांगून टाका" म्हटले. मुख्तार जबार ओफी, हजर, साक्षीस नकार.