भाऊनं निवडलेला कीबोर्ड

आमचं गाव साक्रीच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला. आता तिथं आमचं कोणी नाही. बाप मजुरी करायचा, आई मी लहान असतानाच गेली, तर मला वाढवलं ते थोरल्या भावानं, रामदासनं. मी त्याला भाऊच म्हणतो. भाऊ धुळ्याच्या एका बँडमध्ये आधी झांजा वाजवायचा, ऐकून ऐकून क्लॅरनेट शिकला, आणि असा शिकला की जयंतीच्या मिरवणुकीत त्यानं भीमगीत धरलं की बाया दारातून हटायच्या नाहीत. मग त्यानं मलाही धुळ्याला आणलं. वस्तीतल्या गायन पार्टीत मी पेटी वाजवायला लागलो, हात बरा होता माझा, भाऊच म्हणायचा तसं.

बँडचे मालक नाना. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही भलतंच लिहाल. दुसऱ्या बँडवाल्यांनी लोटगाडीवर कीबोर्ड आणला तसा नानांनीही एक छोटा आणला आणि मला म्हणाले, धनराज, तुला पेटी येते, हे पण येईल. आलं मला. पण त्या कीबोर्डाचं एक होतं, आवाज बदलायचा म्हणजे बटण दाबायचं, आणि बटण दाबलं की चालू सूर तिथंच तुटायचा. शहनाईवरून बासरीवर जायचं तर मधी नुसतं रिकामं. आता वरातीत पोरं नाचताहेत आणि सूर तुटला तर पाय थांबतात हो, सगळे वळून तुमच्याकडंच पाहतात. मग भाऊ काय करायचा, माझा हात बटणाकडं गेला की तो क्लॅरनेट उचलायचा आणि तेवढी जागा भरून काढायचा. मी नवा आवाज लावला की तो मागं सरायचा. कधी बोलून ठरवलं नाही आम्ही. तसं चार-पाच लगनसराया वाजवलं, बठ्ठे, म्हणजे सगळेच, म्हणायचे, या दोघा भावांचा एकच श्वास आहे.

काय सांगू तुम्हाला, तेच दिवस चांगले होते.

मग नाना म्हणाले, मोठा कीबोर्ड घेऊ, सूर न तुटणारा. जळगावला एक दुकानदार आहे, तुम्ही दोघं जा, भाऊला घेऊनच जा, त्याचा कान खरा. आम्ही एस्टीनं गेलो. पारोळ्याला गाडी थांबली तिथं भजी खाल्ली, भाऊ खुशीत होता, मलाच घास गोड लागत नव्हता. का ते मला कळत होतं, पण बोलायचं कसं.

दुकानदारानं तीन कीबोर्ड मांडले. एकाला खूप दिवे, खूप आवाज, झगझगीत. मी म्हटलं, हाच घेऊ. भाऊ म्हणाला, वाजाड. वाजवलं, बटण दाबलं, सूर तुटला. दुसऱ्यालाही तसंच. तिसरा दिसायला साधा, आवाजही कमी. त्यावर मी एक पट्टी दाबून धरली आणि दुसऱ्या हातानं बटण दाबलं, तर धरलेला सूर तसाच राहिला, जुन्याच आवाजात, आणि पुढची पट्टी दाबली तशी बासरी निघाली. मधी काही नाही. केसाएवढीही फट नाही. भाऊ डोळे मिटून बसला होता. म्हणाला, पुन्हा कर. पुन्हा केलं. मग म्हणाला, हाई ले. याना सूर तुटत नही.

मी म्हटलं, भाऊ, तो दिव्यांचा बरा आहे. तो म्हणाला, तुना कान काय सांगस? मी हळूच म्हटलं, भाऊ, मग तुझं काय? त्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही, पट्ट्यांवरची धूळ बोटानं पुसत होता. म्हणाला, माले माहीत शे. खोटी वस्तू लईसन काय करशी, तू वाजाड.

पहिली वरात नरडाण्याला. भाऊ नेहमीसारखा माझ्या शेजारी, पण शिरायला त्याला जागाच सापडेना. दोनदा क्लॅरनेट ओठाला लावलं आणि खाली घेतलं. नाचणारे नाचत राहिले, कोणाच्या लक्षातही आलं नाही. पुढच्या लगनसराईत नानांनी माणसं कमी केली. मी भांडलो, म्हटलं, भाऊ नाही तर मीही नाही. नाना म्हणाले, मी कुठं काढतोय त्याला, गाडी लोटायला माणूस लागतोच. मला वाटलं भाऊ नाही म्हणेल. त्यानं तोच लाल कोट घातला, बटणं लावली आणि गाडी लोटली. गाडीवर माझा कीबोर्ड, गाडीला लागून मी पट्ट्या दाबत चालतोय आणि मागून भाऊ लोटतोय. त्याच्या श्वासाचा आवाज मला ऐकू यायचा, भोंग्याच्या आवाजातही. सूर कुठं तुटला नाही कधी.

दोन वर्षांनी त्याला दम लागायला लागला, मग घरीच बसला. क्लॅरनेट वहिनीनं पत्र्याच्या पेटीत ठेवून दिलं, आता दात गेले त्याचे, फुंक धरत नाही. माझंही काय वेगळं झालं? आता लोक टेम्पोवर स्पीकरचे मोठे डबे लावतात आणि कॅसेट घालतात, तिला जेवण लागत नाही, कोट लागत नाही. नानांनी बँड मोडला. मी बाजार समितीत पोती उचलतो. बोटं अशी झालीत पाहा, पट्टी हलकी दाबावी म्हटलं तर दाबता येणार नाही.

भाऊनं मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं वाटतं कधीकधी. संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसतो, तो दम खातो, मी पाय चेपतो त्याचे, बोलायला असं काही राहिलं नाही.

तुमच्या लेकीचं लग्न काढलंय म्हणालात ना मघाशी. चांगलं घर मिळो तिला, सुखात राहो. वरात इकडूनच न्या, रस्ता रुंद आहे. आम्ही दोघं दारात उभं राहून पाहू.