सुजयने पंख हलवले तेव्हा

मंडळी, जमलात सगळे. माझ्या हातात माईक बघून काही जण दचकले असतील. आज मस्करी न्हाय.

काकी, तुम्ही बसा. उठू नका.

आपला सुजय पायलट. दोन सीटचं छोटं विमान. आपल्या पुळणीवरून गेला की पंख डावी-उजवीकडे हलवायचा. तो त्याचा रामराम. खालून आपण शर्ट काढून हलवायचो. मी त्याला बोललो होतो, "एवढा मोठा पायलट, उतरव की एकदा इथं!"

"गाढवा, रिक्षा हाय काय? पण इंजिन बंद पडलं ना, तर ओहोटीची वाळूच बघीन. बैलगाड्या धावतात तिथं, माझंबी विमान टिकेल."

आता बातम्यांत काय बोलतात? पायलटचा निर्णय चुकला. समोर एवढी वाळू, आणि हा पाण्यात गेला. काल काकींनी मला विचारलं, "माझा पोर चुकला काय रे?"

मंडळी, वाळू रिकामी होती काय? सांगा ना. होती काय?

विमान मांडव्याच्या बाजूने आलं. खाली आलं. इंजिनाचा आवाज न्हाय. पंख हलले, जोरात हलले. कोणीतरी ओरडलं, "सुजय उतरतोय!" आणि आपण धावलो. बाया धावल्या, पोरं धावली. मी सगळ्यांच्या पुढं. तो सांगत होता, बाजूला व्हा. आपण शर्ट हलवत होतो.

मग विमान समुद्राकडे वळलं. वळलं न्हाय, त्याने वळवलं. एक पंख पाण्याला लागला. मी तेव्हाबी हसत होतो, मंडळी. मला वाटलं, काय कसरत करतोय!

न्हाय काकी. तुमचा पोर चुकला न्हाय. त्याने आम्हाला बघितलं.

उद्या चौकशीचे साहेब येणार हायत. मी एकटा सांगितलं तर कोण ऐकणार? जाळ्यात मगर आली म्हणून खोटंच ओरडून अख्खा गाव पळवणारा मी. पण तुम्ही होतात तिथं. दादा, तुम्ही होतात. वहिनी, कडेवर बाळ घेऊन तुम्ही होतात. आपण सगळे मधे उभे होतो, एवढंच बोला. लाज वाटली तरी बोला. आपण जिवंत हाव, म्हणून बोला.

आता उभे राहूया, सुजयसाठी. गप्प. हात खाली ठेवा.

कोणी हलवू नका.