न भाजलेल्या तपकिरी बियांबाबत पुरवणी जबाब

नाव मूळ तक्रारीत आहे तेच. वय तेवीस वर्षे. धंदा, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणे. राहणार बंद कापडगिरणीमागची गल्ली, दुसरा मजला, आईसोबत.

मी समक्ष हजर राहून, कोणी बोलावलेले नसताना, जबाब देते की, माझ्या मूळ तक्रारीतले एक वाक्य चूक आहे. "कॉफीवाल्या बाईंनी एकदा वापरून वाळवलेल्या बिया मला कच्च्या म्हणून विकल्या," असे मी सांगितले होते. बिया भिजवून वाळवलेल्या होत्या, हे खरे आहे. पण त्यांची कॉफी कोणी करून प्यायलेली नव्हती. त्या कच्च्याच होत्या.

हवालदारसाहेबांनी विचारले, "ताई, तुम्ही लोकांचे डोळे तपासता ना?" त्यावर माझे म्हणणे असे की, रंग मी बरोबर पाहिला होता. अर्थ चुकीचा लावला.

माझी आई कपडे शिवते आणि लहानपणापासून कॉफी पिते. कच्च्या बिया आणून त्या लोखंडी कढईत ती स्वतः भाजते. तिच्या छातीत धडधड होऊ लागली, तेव्हा डॉक्टरांनी कॉफी सोडा किंवा कॅफीन काढलेली घ्या, असे सांगितले. आई त्यांना म्हणाली, "सोडायचंच असेल तर मी डॉक्टर सोडते." म्हणून मी बाजारातल्या कॉफीवाल्या बाईंकडून कॅफीन काढलेल्या कच्च्या बिया आणल्या.

घरी पुडी सोडली तर बिया मळकट तपकिरी. आमच्या घरी आजवर आलेली प्रत्येक कच्ची बी हिरवट होती, आणि मी वाचलेल्या पुस्तकातही तसेच छापले आहे. आमच्या घरात वाचता येणारी मी पहिलीच, त्यामुळे छापलेले असले की घरात पुढे कोणी विचारत नाही. आईने नेहमीप्रमाणे रंग पाहून कढई उतरवली. बिया मुळातच तपकिरी असल्याने तो रंग फार लवकर आला. कॉफी तोंडात घेऊन आई म्हणाली, "हा तर गवताचा काढा झालाय."

गुरुवारी, आठवडी बाजाराच्या गर्दीत, मी दुकानासमोर उभी राहून बाईंना "तुम्ही चोर आहात" असे म्हटले. मोठ्याने म्हटले. तिथून सरळ ठाण्यात आले. पोलिसांनी पोते नमुन्यासाठी नेले आणि अहवाल येईपर्यंत दुकान बंद ठेवायला सांगितले.

अहवाल आल्यावर हवालदारसाहेबांचा मला फोन आला. "अभिनंदन ताई, तुमचंच खरं निघालं. कॅफीन काढलंय म्हणून विकलेल्या बियांत कॅफीन सापडलं. थोडं आहे, पण सापडलं." मी विचारले, थोडे म्हणजे किती, आणि साध्या कॉफीत किती असते? ते म्हणाले, "आता ते मला काय ठाऊक?" मलाही ठाऊक नव्हते. मग कोणाला ठाऊक आहे, ते शोधायला मी निघाले.

दुकानाचे दार ओढलेले होते. त्यावर खडूने "चोर" असे लिहिले होते. कोणी लिहिले हे मी पाहिलेले नाही. मी ते पुसले. बाई शेजारच्या पायरीवर बसल्या होत्या. मी विचारले, बिया तपकिरी का असतात? त्या म्हणाल्या, "मला काय विचारतेस? मी पोतं घेते आणि पोतं विकते. ज्या कारखान्यात धुतात तिथे जाऊन विचार." मग म्हणाल्या, "थांब, मीही येते. इतकी वर्षं विकतेय, एकदा बघायचंच होतं." आईही निघाली. बसमध्ये ती आमच्या दोघींच्या मधे बसली.

कारखान्यात रबरी बूट घातलेल्या एका तरुण पर्यवेक्षक बाईंनी आम्हाला सगळे दाखवले. हिरव्या बिया आत जाताना आणि तपकिरी बाहेर येताना मी स्वतः पाहिल्या. आधी वाफेने बी फुगवतात. मग ती गरम पाण्यात ठेवतात. कॅफीन पाण्यात उतरते, पण चवही उतरते. म्हणून आधीच्या बियांच्या चवीने भरलेले पाणी जपून ठेवतात, त्यातले तेवढे कॅफीन कोळशाच्या गाळणीत अडकवतात आणि त्याच पाण्यात नव्या बिया सोडतात. चवीने भरलेले पाणी बीमधली चव घेत नाही, फक्त कॅफीन घेते.

आई म्हणाली, "म्हणजे पोटभर जेवून आलेला पाहुणा. जेवण मागत नाही, घरातल्या बातम्या तेवढ्या घेऊन जातो."

पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, "मावशी, उद्यापासून मी सगळ्यांना हेच सांगणार." कॉफीवाल्या बाई हसल्या.

मी पर्यवेक्षक बाईंना अहवालाचे विचारले. त्या म्हणाल्या, "शंभरातले दोनतीन भाग राहतातच. अगदी शून्य कोणालाच करता येत नाही. साधी कॉफी मिसळली असती तर अहवालात 'थोडं' नसतं आलं." काही कारखान्यांत पाण्याऐवजी रासायनिक द्रावक वापरतात, काही ठिकाणी दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड वायू. ते मी पाहिलेले नाही, ऐकले आहे.

चांगली कशी ओळखायची, हे कॉफीवाल्या बाईंनीच विचारले. उत्तर असे मिळाले: कोणत्या रीतीने धुतली ते विक्रेत्याला सांगता आले पाहिजे. मुळातली बी चांगली हवी, कारण काही लोक जुना, बेचव माल धुवायला पाठवतात, कोणाला कळणार म्हणून. भाजलेली घ्यायची तर भाजल्याची तारीख ताजी हवी आणि थोडीथोडीच घ्यावी, ही लवकर शिळी होते. आणि भाजताना रंगावर जायचे नाही. बी तडकल्याचा आवाज ऐकायचा, तोही नेहमीपेक्षा हळू येतो.

त्याच संध्याकाळी उरलेल्या बिया आईने कढईला कान देऊन भाजल्या. कॉफीवाल्या बाई आमच्या स्वयंपाकघरात बसून होत्या. आईने दोनदा सगळ्यांना गप्प केले. झालेली कॉफी आणि साधी कॉफी यांतला फरक मला ओळखता आला नाही. आई म्हणाली, "हिला जरा राग कमी आहे," आणि दुसरा कप ओतून घेतला. बाई म्हणाल्या, "चांगली झालीय." कप विसळून ठेवला आणि गेल्या. "चोर" म्हटल्याची माफी मी तोवर मागितलेली नव्हती.

हे सगळे इथे ठाण्यात सांगून झाल्यावर हवालदारसाहेब म्हणाले, "मग तक्रार मागे घेतली असं लिहितो."

मी म्हटले, "आधी तक्रार चूक होती असं लिहा."

"एकच झालं हो ताई."

"एक नाही. नुसती मागे घेतली तर लोक म्हणतील, आपसात मिटवलं. मग चोर त्या चोरच राहतील."

त्यांनी तसे लिहिले. दुकान उघडायला हरकत नसल्याचा कागद बाईंना उद्या मिळेल, असे मला सांगण्यात आले.

जबाब मला वाचून दाखवला. मी तो स्वतःही वाचला, "दोनतीन" हा शब्द दोनदा तपासला. मी सांगितले तेच यात आहे. खाली सही करण्यापूर्वी एक वाक्य माझ्या सांगण्यावरून वाढवले आहे: ज्या गर्दीने माझा तो शब्द ऐकला, त्याच गर्दीत, त्याच जागी उभी राहून, तेवढ्याच मोठ्या आवाजात मी सांगणार आहे की बाई खऱ्या होत्या आणि चूक माझी होती, दिवस, येता गुरुवार, तारीख एकोणीस.