प्रेशर डाऊन

सीएनजीला नावं ठेवा, पण आमच्या आईसमोर नको. मागच्या उन्हाळ्यात भाच्याच्या लग्नाला आई आन् मी शिरूरहून सोलापूरला निघालो. लग्न साडेबाराचं. पाटसजवळ गॅस भरायला थांबलो, तर पुढं पंधरा गाड्या. त्यात पंपवाला म्हणतो, "प्रेशर न्हाई, थांबा." म्हंजी गॅसला जोरच न्हाई, टाकी भरंना.

मी ताईला फोन लावला. "अगं, प्रेशर लय डाऊन हाय. आईला घेऊन उन्हात बसलोय. अक्षता गाठतोय का न्हाई, सांगता येत न्हाई."

फोन ठेवून पाच मिनटं झाली न्हाईत तवर पुढच्या टेम्पोतले एक आप्पा टपरीवरनं मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी घेऊन आले. आई डोळे मिटून पडलेली. "आक्का, एवढं घ्या. बीपी लगीच वर येतंय." आन् बाकीच्यांनी गाड्या बाजूला घेऊन आम्हाला पहिला नंबर दिलेला.

मला लाज वाटली. म्हणलं, "आप्पा, आईचं न्हाई वो, पंपाचं प्रेशर डाऊन हाय."

आप्पांनी ग्लासाकडं बघितलं, मग पंपाकडं. "पंपाला कसं पाजू? प्या आक्का तुम्हीच. आन् दिलेला नंबर माघारी घेत न्हाई आम्ही."

गॅस आला, पहिली आमची गाडी भरली, आईनं अक्षता टाकल्या.

परवा दवाखान्यात डॉक्टरनी विचारलं, "आजी, प्रेशर कसंय?"

आई म्हणली, "पाटसला भरलंय. अजून उतरलं न्हाई."