माझ्या दारावर दुसऱ्याचा जन्म

त्या दिवशी हवा कशी होती म्हणाल, तर ऊन नाही, पाऊस नाही, वारा तर मुळीच नाही, सकाळी लावलेला गिलावा संध्याकाळपर्यंत ओलाच राहील असली कुंद, चिकट हवा… आणि असल्या हवेत मला धरून आश्रमाच्या पोहायच्या हौदात उतरवायला निघाले हो! मला! उभा जन्म भिंती बांधत परांचीवर गेला माझा, पण पाणी गुडघ्याला लागलं की डोळे पांढरे होतात. आणि नर्सबाई म्हणते, "चला कप्तान, डुंबायचंय ना?" म्हटलं, कोण कप्तान? म्हणाली, "तुम्हीच की! जन्म जहाजावर गेलाय, लिहिलंय ना कागदावर!"

तुम्हाला सांगतो, सावकाश सांगतो, मला घाई जमत नाही. या वृद्धाश्रमात एक पद्धत आहे. नवा माणूस आला की एक बाई वही घेऊन समोर बसते, काय काम केलंत, घरी कोण, काय आवडतं, काय सोसत नाही, सगळं विचारते, आणि त्याचा कागद करून खोलीच्या दाराला चिकटवतात. का, तर सेवेला येणाऱ्याला माणूस कळावा. चांगली पद्धत आहे, मी नावं ठेवत नाही. मी तिला सगळं सांगितलं. गवंडीकाम केलं. शाळेत गेलो तो भिंती बांधायलाच, अक्षराची ओळख नाही. बायकोबरोबर एक्कावन्न वर्षं काढली, ती चार वर्षांपूर्वी गेली, तरी सकाळचा पहिला कप तिच्या फोटोसमोर ठेवतो आणि मग माझा पितो. बाई म्हणाली, "फोटोची काच तडकलीय आजोबा, नवी बसवून खोलीत लावू." दिला फोटो. तो गेला तो गेलाच! तीन आठवडे! रोज विचारतो, बाई, माझ्या बायकोचा फोटो? तर नर्सबाईनं काय म्हणावं? माझा गालगुच्चा घेऊन म्हणते, "अहो, तुमचं लग्न कुठं झालंय? लिहिलंय ना कागदावर!"

आता बोला! अंगावर भिंत पडली असती तर मी बाजूला तरी झालो असतो. यातून कुठं बाजूला होणार?

एक दिवस स्वयंपाकघरात नेलं. तिथल्या आचाऱ्यानं पळी हातात दिली. "उस्ताद, जहाजावर दोनशे माणसांचं रांधायचात म्हणे. जरा चव बघा की!" म्हटलं, बाबा रे, मी आयुष्यात फक्त सिमेंट कालवलं. तर पोट धरून हसला. बरं, मी शपथेवर सांगायला लागलो, तर नर्सबाईनं मला दारापाशी नेऊन शेवटची ओळच वाचून दाखवली. 'गोष्टी रचून सांगतात. वाद घालू नये. हो हो म्हणावं.'

संपलं! म्हणजे मी जितकं खरं बोलणार तितकं हे मान डोलवणार! मी गवंडी आहे. हो हो. माझी लेक आहे. हो हो. बाई, मला भूक लागलीय. हो हो… आणि ताट काही येत नाही!

हसा, हसा. पण रोज एवढी शिकली-सवरलेली माणसं एकच सांगायला लागली, की अडाणी माणसाचं काय होतं? तिसऱ्या आठवड्यात मी अंथरुणावर पडून तिचा चेहरा आठवायला लागलो, तर नाक आठवतंय, कुंकू आठवतंय, डोळे काही केल्या येईनात. म्हटलं, खरंच रचली की काय मी ही बाई? आणि असलीच, तर तीन आठवडे चहावाचून बसलीय कुठंतरी… शेजारच्या सात नंबरच्या खोलीत मात्र रोज सकाळी दोन कप जायचे. दाढीवाला म्हातारा, माझ्याच दिवशी आलेला, सदा दार लावून आत. म्हटलं, नशीबवान आहे लेकाचा, दोन दोन कप पितो!

तर तो हौदाचा दिवस. मी दाराची चौकट घट्ट धरलेली, दोघं मला ओढतायत, चौकट हलतेय, म्हणजे बसवणाऱ्यानं काम कच्चंच केलेलं, ते जाऊ द्या. तेवढ्यात लेक आली! पाय मोडून घरी पडली होती, तिला घोर नको म्हणून फोनवर मी अवाक्षर काढलं नव्हतं. कुबडी टेकून तिनं कागद वाचला. "बाबा, यात तुमचं लग्नच झालेलं नाही! मग मी काय आभाळातून पडले?" नर्सबाई सवयीनं म्हणाली, "हो हो." लेक जी कडाडली, "मग बाबांचा कागद कुठंय?" तशीच खुरडत शेजारच्या दाराशी गेली आणि मोठ्यानं वाचलं, "गवंडीकाम… एक्कावन्न वर्षांचा संसार… पाण्याची भीती…"

कागदांची अदलाबदल! माझा जन्म सात नंबरावर, त्याचा माझ्या!

दार ढकललं. समोर भिंतीवर माझी बायको. नवी काच, खिळा अगदी ओळंब्यात ठोकलेला, आणि पुढ्यात वाफाळता चहा! डोळे… तेच हो, तेच. मी रचलेले नव्हते.

म्हातारा कप हातात धरून उभा राहिला. म्हटलं, कप्तान, तुम्हाला तर वाचता येतं, मग तीन आठवडे बोलला का नाहीत? त्यानं स्वतःच फोटो खाली उतरवला, सदऱ्याच्या बाहीनं काच पुसली, माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "न्या गवंडीबुवा. कागद तुमचा, फोटो तुमचा, वहिनी तुमच्या. फक्त सकाळच्या चहाला दोघं इकडेच येत जा… जन्मभर एकटा प्यायलो, आता एकट्यानं घशाखाली उतरत नाही हो!"