रस्त्यावर चालणारी होडी

माझं माहेर रेवसकडलं, बाप मासेमार, आन् नवरा आमच्यातलाच पण हात सुताराचा, होड्या बांधायचा, खाडीत त्याच्याच होड्या दिसायच्या, काय सांगू तुम्हाला, मग फायबरच्या होड्या आल्या नि आमच्या दारात कुणी फिरकंना. माणूस ओट्यावर नुसता बसून. जेव म्हटलं तर जेवायचा, बोल म्हटलं तर न्हाय.

आन् मी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन गावोगाव. मानेचं हाड झिजलं, डॉक्टर बोलला मावशी आता वजन बंद, मी बोलले मग तू घालतोस का खायला? लेक लग्न होऊन गेली, तिची स्कूटर घरात होती, ती शिकले मी या वयात, पण स्कूटरवर मासळी मावणार किती? तर हा एक दिवस उठला, सागाच्या उरलेल्या फळ्या काढल्या, बोलला तुला मागं जोडायला गाडा करतो. चौकोनी खोका ठोकून मोकळा झाला असता, पण न्हाय, खाडीचा वारा खोक्याला धरतो, गाडी वढत न्हाय, म्हणून पुढं होडीच्या तोंडासारखी टोकदार नाळ, मागं निमुळता, वर गोल झाकण. लोक हसायचे, भरती बघून काढणार काय रस्त्यावर? आन् मेल्यानं खरंच भरतीची वेळ बघून नारळ फोडला! मेला म्हणायची सवय हो, आता जीभ चावते.

पण अक्कल होडीवाल्याची, नाळ उचललेली पायजे म्हणून भार सगळा मागं. पहिल्याच वळणावर गाडा असा डुलला की मी, स्कूटर, बोंबील, सगळे रस्त्यावर. मी शिव्या घातल्या तर हा खदाखदा हसला, किती वर्षांनी हसला! मग चाकं मागं सरकवली, भार पुढं आला, गाडा गुमान चालला.

ते बघून आयशाभाभी आली, बांगडा विकते ती, बोलली भाईजान, मला पण एक करा. झालं, अंगात वारं शिरलं याच्या, उजाडायच्या आत रंधा सुरू. एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर फळीवर डोकं टेकून, वाटलं दमला. हाक मारली. मग हलवला.

भाभीच्या गाड्याची नुसती नाळ झाली हाय, अंगणात ताडपत्रीखाली. भाभी बोलली राहू दे बहन, दुसऱ्याकडून न्हाय करून घ्यायचा मला. आता तिची पाटी माझ्याच गाड्यात घेते, दोघी जातो बाजाराला.

रडू येतं, न्हाय कशाला म्हणू. पण ओट्यावर बसून न्हाय गेला तो. कुणीतरी सांगितलेलं काम हातात होतं त्याच्या. असं मरण सगळ्यांना येवो, बाबा.